सहा खिळे

वरच्या मजल्यावर कुणीतरी ठोकत होतं.

मे महिन्यातली दुपार होती, अडीच-पावणेतीनची. त्या वेळी लातुरात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मी पुढच्या खोलीत फरशीवर ओला पंचा अंथरून पडले होते. चार-पाच ठोके पडायचे, मग थांबायचे, मग भिंतीवरून काहीतरी सुटून खाली पडल्यासारखा बारीक आवाज यायचा. पुन्हा ठोके.

आधी मला हसूच आलं. वाटलं, नंदाताईनं शेवटी खिळा ठोकला वाटतं. मग लक्षात आलं की तिची दिवसपाळी होती आणि ती साडेचारशिवाय दवाखान्यातून परत येत नाही. खिडकीतून बघितलं तर जिन्याखाली तिची सायकलही नव्हती.

मी बाहेर आले. आमचा जिना घराबाहेरून होता. माझे वडील, आप्पा, वरून एकेक पायरी बघत उतरत होते. हातात पंचा होता आणि पंचात हातोडी गुंडाळलेली होती. तिचा दांडा बाहेर आला होता.

"काय झालं, आप्पा?"

"खिडकीची कडी ढिली झाली होती. बसवून आलो."

"नंदाताई बोलली होती का?"

"माझ्या घरात मी काय करावं ते भाडेकरूला विचारू?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आत जा. ऊन लागेल."

मी आत गेले. त्यांच्या मनगटावर, हाताच्या केसांत फिकट हिरवी पूड बसली होती, ती मला दिसली होती. लाकडी खिडकीची कडी बसवताना भिंतीचा रंग हातावर कसा येईल, हा प्रश्न मला पडला नाही. कारण ते औसेकर सर होते. एकतीस वर्षं त्यांनी हायस्कूलला गणित शिकवलं होतं. आमच्या कॉलनीत दोघांचं भांडण झालं की लोक म्हणायचे, सरांना विचारा, सर खोटं बोलणार नाहीत.

मी तेव्हा अठरा वर्षांची होते. या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. सांगताना अजूनही माझा आवाज चढतो, हे मला कळतं.

नंदाताई म्हणजे महानंदा बिराजदार. सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स. आदल्या डिसेंबरात ती आमच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला आली. एकटी बाई म्हणून आप्पा आधी तयार नव्हते, पण सरकारी नोकरी आणि उलट उत्तर न देणारी, म्हणून हो म्हणाले. शेजारच्या डिगोळे वकिलांनी अकरा महिन्यांचा करार लिहिला. त्यात आप्पांनी स्वतः एक कलम घालून घेतलं. भिंतींना खिळा, हुक किंवा स्क्रू मारल्यास, चिकटपट्टी लावल्यास अथवा रंग खराब केल्यास मालकाला करार ताबडतोब रद्द करता येईल. वरच्या खोल्यांना नुकताच पिस्ता रंगाचा डिस्टेंपर दिला होता. आप्पा त्या भिंतींवरून हात फिरवायचे तेसुद्धा तळवा उलटा करून.

"काही हरकत नाही सर," सही करताना नंदाताई म्हणाली. "मला भिंतीचं काही काम पडत नाही."

आणि खरंच पडलं नाही. रंगाचे रिकामे डबे परसात पडले होते. त्यातले दोन तिनं आप्पांकडून मागून घेतले, वाळूनं भरले आणि दोन्हींत एकेक बांबू उभा केला. बांबूंच्या मध्ये दोरी बांधून त्यावर तिच्या मावशीनं शिवलेली वाकळ पसरली. लांबून बघितलं की वाटावं, भिंत सजवलीय. जवळ गेलं की भिंत आणि वाकळ यांच्यात हातभर जागा. जुन्या इरकलीचे पडदे शिवून ते नाड्यांनी खिडकीच्या गजांना बांधले. विटांवर फळ्या टाकून कपाट केलं, गुडघ्याच्या वर न जाणारं. बुरूड गल्लीतून एक दुरडी आणली, ती फरशीवर पालथी घालून आत दिवा ठेवला. संध्याकाळी दिवा लावला की विणीच्या फटींतून उजेड बाहेर पडायचा आणि सगळ्या खोलीभर पसरायचा. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत मनीप्लांट लावून त्या खिडकीत ओळीनं मांडल्या. एवढ्यात तिचे फार पैसे गेले नाहीत. दोन बांबू, दुरडी आणि दोरी एवढंच काय ते विकत आणलेलं.

मी बारावीची परीक्षा देऊन रिकामी होते. रोज वर जायचे. आमच्या खाली प्रत्येक भिंतीवर कॅलेंडरं, देव, आप्पांचे सत्काराचे फोटो, त्यांच्या मागे कोळिष्टकं. वर गेलं की मोकळं वाटायचं. सगळं खाली, हाताशी. तिची खाटसुद्धा खोलीच्या मधोमध होती, चारही बाजूंनी भिंतीपासून लांब. मला ती तिची आवड वाटायची. मी एकदा खाली येऊन माझी खाटही तशी मध्ये ओढली, तर आई म्हणाली, झाडू मारताना अडचण होते, आणि पुन्हा भिंतीला लावली.

आप्पांनाही ते घर आवडलं होतं, हे मी मुद्दाम सांगते. पाहुणे आले की ते त्यांना वर घेऊन जायचे. नंदाताई रात्रपाळी करून झोपलेली असली तरी दार वाजवायचे. "बघा, भिंतीला ओरखडा नाही. याला म्हणतात भाडेकरू." ती डोळे चोळत बाजूला उभी राहायची.

मग एप्रिलमध्ये कोपऱ्यावरच्या घरात मुलांचं वसतिगृह झालं. लातुरात शिकवण्यांसाठी गावोगावची पोरं येतात. एका खोलीत चार खाटा टाकायच्या, चार पोरं ठेवायची. दोन खोल्यांत आठ. एक दलाल आमच्याकडे येऊन बसला आणि त्यानं आप्पांना तोंडी हिशेब करून दाखवला. तिसऱ्या दिवशी आप्पांनी नंदाताईला बोलावून सांगितलं, एक जूनला घर मोकळं करून द्या.

"सर, करार नोव्हेंबरपर्यंत आहे," ती म्हणाली. "जूनमध्ये लातुरात खोली कुठं मिळते ओ? सगळीकडं पोरं भरतात. मला दिवाळीपर्यंत राहू द्या. मग तुम्ही म्हणाल त्या दिवशी जाते."

आप्पा "बरं" म्हणाले.

त्या "बरं"ला चार दिवस झाले होते तेव्हा ती दुपार आली.

साडेचारला नंदाताईची सायकल आली. पाठोपाठ आप्पांनी डिगोळे वकिलांना हाक मारली आणि मला म्हणाले, "रेणू, तूही वर चल." मला वाटलं, तिला राहू देणार असं वकिलांसमोर सांगणार असतील. मी पायात चप्पल न घालताच धावले.

नंदाताईनं नुकतंच कुलूप काढलं होतं. अंगावर पांढरा गणवेश, खांद्याला डब्याची पिशवी. ती दारातच थबकली होती. आम्ही तिच्या मागून आत बघितलं.

सहा खिळे होते. तीन पुढच्या भिंतीवर एका रांगेत, दोन ओट्याजवळ, एक आतल्या खोलीत, तिच्या खाटेच्या उशाकडच्या भिंतीला. अडीच इंची. प्रत्येकाच्या भोवती रंगाचा पापुद्रा उडाला होता, खाली गिलाव्याचे तुकडे पडले होते. आतल्या खोलीतला गिलावा उडून तिच्या उशीवरही पडला होता.

"वकीलसाहेब, बघून घ्या," आप्पा म्हणाले. "करारात काय लिहिलंय ते तुम्हाला पाठ आहे."

नंदाताईनं पिशवी खाली ठेवली. आत जाऊन उशी उचलली, खिडकीशी नेऊन झटकली, परत जागेवर ठेवली. मग म्हणाली, "हे मी केलेलं नाही."

"मग काय भिंतीतून उगवले?"

डिगोळे वकील जाड होते, जिना चढून त्यांना धाप लागली होती. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, घर तुमच्या ताब्यात. किल्ली तुमच्याकडे. दुसरं कोण येणार?"

"एक किल्ली सरांकडं बी असते."

"म्हणजे मी?" आप्पा हसले. "मी माझ्याच भिंती फोडल्या. एकतीस वर्षं नोकरी केली, वकीलसाहेब. कुणी बोट दाखवलं नाही. आज ही बाई मला खोटं ठरवते."

वकील मान हलवून म्हणाले, "तसं बोलू नका, ताई. सरांबद्दल तरी."

त्यांनी खिळ्यांकडे नीट बघितलंसुद्धा नव्हतं. त्यांनी फक्त दोन माणसांकडे बघितलं होतं आणि खरं कोण ते ठरवून टाकलं होतं. तोपर्यंत मीही तेच करत आले होते.

नंदाताई आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिनं त्या उशाकडच्या खिळ्याकडे बोट केलं.

"सर, मी किल्लारीच्या पट्ट्यातली आहे," ती म्हणाली. "भूकंपात तेरा वर्षांची होते. आमच्या घराच्या भिंती दगड-मातीच्या, दोन हात रुंद. आई, बाबा, धाकटा भाऊ भिंतीकडंला झोपले होते. मी मावशीपाशी अंगणात झोपले म्हणून राहिले. तेव्हापासून मी भिंतीला खाट लावत नाही. डोक्याच्या वर काही ठेवत नाही, काही टांगत नाही. दवाखान्यात बी मला भिंतीकडंच्या खुर्चीवर बसवत नाही. मी उशाशी खिळा कशाला ठोकीन ओ?"

तिनं आवाज वाढवला नाही. रडलीही नाही. पाच महिने मी त्या खोलीत रोज बसत होते आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

वकील खाली बघत होते. मला वाटलं, आता आप्पा गप्प होतील. आता कुणीही गप्प होईल.

आप्पा म्हणाले, "झालं ते वाईट झालं. पण इथं भावनेचा प्रश्न नाही, नियमाचा आहे. रेणूला विचारा. ती रोज इथं येते. रेणू, सांग वकीलसाहेबांना, हे खिळे ठोकताना आवाज यायचा की नाही?"

वर्गात एखादं उदाहरण फळ्यावर घालून ते हुशार मुलाकडे वळायचे, तसे ते माझ्याकडे वळले. त्यांना माझी खात्री होती. मला बरोबर का आणलं, ते मला तेव्हा कळलं. खोटं एकट्यानं बोलणं त्यांना कमीपणाचं वाटत असावं.

"आला आवाज," मी म्हणाले. "आज दुपारी आला. पावणेतीनला."

"आज नाही, गेल्या आठवड्यात..."

"आजच, आप्पा. नंदाताई ड्युटीवर होती. तुम्ही हातोडी पंचात गुंडाळून जिना उतरलात. मी खाली उभी होते. तुमच्या हातावर हाच रंग होता."

आप्पा वकिलांकडे वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "हिला ऊन लागलंय. दुपारपासून पडूनच आहे."

आयुष्यात मी कुणाचा एवढा राग केला नाही. त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर चाललं असतं. त्यांनी मला वेडं ठरवलं, तेही काळजीच्या आवाजात.

"खिळ्यांचा डबा खाली आपल्या फळीवर आहे," मी म्हणाले. "आणू? याच मापाचे आहेत. मला ऊन लागलेलं नाही. तुम्ही खोटं बोलताय."

डिगोळे वकिलांनी हात वर केला. "नको, बाळ. काही आणू नको." मग ते आप्पांना म्हणाले, "सर, ही नोटीस मी काढणार नाही. आपली जुनी ओळख आहे. मी आज इथं आलोच नाही असं समजा."

एवढं बोलून ते कठड्याला धरून खाली उतरले. त्यांनी जाताना आप्पांची अब्रू सांभाळली. नंदाताईला एक शब्द बोलले नाहीत. ज्या बाईला त्यांनी पाच मिनिटांपूर्वी खोटं ठरवलं होतं, तिला चुकलो म्हणायला त्यांना जड गेलं.

आप्पाही गेले. जाताना दार मात्र हळू ओढून घेतलं, भिंतीवर आपटू नये म्हणून.

मी फरशीवर बसले. नंदाताईनं मला माठातलं पाणी दिलं.

"आता तुला कुणी काढू शकत नाही," मी म्हणाले. "करार आहे. वकील नाही म्हणाले."

"मी परवा जाते, रेणू."

"का? आपण जिंकलो की."

"मालकानं उशाशी खिळा ठोकलेल्या घरात मला झोप येईल का?" तिनं फळीवरची पुस्तकं उतरवायला सुरुवात केली होती. "दवाखान्यातल्या एका मावशीची खोली आहे, गावाबाहेर. लांब पडती, पण राहता येतंय."

"मग मी बोलले कशाला?" मी ओरडलेच. "काय उपयोग झाला?"

तिनं पुस्तकं खाली ठेवली. "तू बोलली नसतीस तर मी हाकलून दिलेली बाई म्हणून गेले असते. माझ्या नावावर ते खिळे राहिले असते. आता मी माझ्या पायानं चालले."

मला ते पटलं नाही. आजही पुरतं पटत नाही. ज्यानं चूक केली तो घरात आणि जिनं केली नाही ती गावाबाहेर, याला न्याय म्हणायला माझी जीभ वळत नाही.

रात्री जेवायला मी बसले नाही. आप्पा नेहमीसारखे जेवून पुढच्या खोलीत बातम्या ऐकत बसले. आई भाकऱ्या झाकून ठेवत होती. आई आप्पांच्या वळणातली बाई. सबंध दिवस तिनं एक अक्षर काढलं नव्हतं. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुला ठाऊक होतं?"

तिनं आधी पुढच्या खोलीकडे बघितलं.

"सकाळी त्यांनी मला विचारलं होतं, ती बाई किती वाजेपर्यंत येत नाही. मी सांगितलं, साडेचार."

"आणि का विचारतात, ते नाही विचारलंस?"

"कळलं होतं मला."

"मग वर का आली नाहीस? मी एकटी बोलत होते तिथं. त्यांनी मला वेडी ठरवलं, आई."

आईनं हात पुसले. तिला वाईट वाटत होतं की राग आला होता, मला सांगता येणार नाही. "तू उद्या शिकायला जाशील," ती म्हणाली. "मग लग्न होऊन जाशील. मला इथंच राहायचंय. माझा कसला करार झालाय?"

मी तिला काहीतरी फार वाईट बोलले. ते मी सांगणार नाही. त्या रात्री मला आप्पांपेक्षा तिचा राग जास्त आला होता. तिच्यावर मीही अन्यायच करत होते, हे कळायला मला स्वतःचं घर होऊन बरीच वर्षं जावी लागली.

पुढचं थोडक्यात सांगते. जूनच्या पहिल्या आठवड्यात वर आठ खाटा आल्या. पोरांनी दप्तरं, चड्ड्या, क्रिकेटपटूंची पोस्टरं, आरसे, सगळं भिंतींना लावलं. दिवाळीपर्यंत त्या पिस्ता रंगाचं काय झालं ते बघवत नव्हतं, आणि आप्पांनी त्याबद्दल एकदाही तोंड उघडलं नाही. माझ्याशी ते तीन वर्षं बोलले नाहीत. नंतर बोलायला लागले, पण त्या दुपारचा विषय त्यांनी मरेपर्यंत काढला नाही. त्यांच्या शोकसभेत दोघा-तिघांनी सांगितलं की सरांनी आयुष्यात कधी असत्याला थारा दिला नाही. मी उठून बाहेर गेले.

पण मला सांगायचंय ते नंदाताई गेली त्या सकाळचं.

तिचं सामान एका छोट्या टेम्पोत बसेल एवढंच होतं. बांबू सोडवले, वाकळीची घडी केली, पडद्यांच्या नाड्या सोडल्या, डब्यांतली वाळू परसात ओतली. अर्ध्या तासात खोल्या रिकाम्या. ती खिळे काढायला पक्कड मागत होती, निदान भिंत नीट करून जाते म्हणाली. मी दिली नाही. म्हटलं, ज्यानं ठोकलेत तो काढेल.

आप्पा जिन्याच्या तळाशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. रोज ते तिथं बसत नसत. पाय लांब करून शेवटच्या पायरीवर आडवे टाकले होते. नंदाताई पिशव्या घेऊन आली, तशीच पाय ओलांडून गेली. मी विटा घेऊन आले, मीही ओलांडून गेले. पेपर हलला नाही.

मी पुन्हा वर गेले तर आई वर आली होती. कधी आली, मला दिसलं नाही. पदर खोचलेला. खाटेचं एक टोक तिनं धरलं होतं.

"काकू, तुम्ही कशाला," नंदाताई म्हणाली.

"धर दुसरीकडून," आई म्हणाली.

त्या दोघी खाट घेऊन उतरायला लागल्या. आई पुढे होती, उलटी उतरत. मी मागून बाटल्या घेऊन येत होते. समोरच्या घरातल्या बायका दारात आल्या होत्या. डिगोळे वकील त्यांच्या कट्ट्यावर दात घासत उभे होते. आई खालून दुसऱ्या पायरीवर थांबली. तिच्या टाचेला आप्पांचे पाय लागत होते.

"पाय घ्या," ती मागे न बघता म्हणाली.

आप्पांनी पेपर खाली केला. आधी आईकडे, मग माझ्याकडे बघितलं. "आता तूसुद्धा?"

"हातात ओझं आहे," आई म्हणाली. "पाय घ्या."

समोर सगळी कॉलनी बघत होती. आप्पांनी पाय घेतले.